मेसेज काय आला होता?

ज्या माणसाला संगणकातलं ‘थोडंफार कळतं’ अशी नातेवाइकांत ख्याती झाली, त्याच्या रविवारवर त्याचा हक्क उरत नाही. फोन वाजतो. प्रास्ताविक नाही, ख्यालीखुशाली नाही, थेट फिर्याद: "अरे, ते चालत नाहीये." ते म्हणजे कोणतं, हे आपण ओळखायचं असतं. मग आपण विचारतो, "मेसेज काय आला होता?" यावरचं उत्तर डोंबिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत, सर्व वयांत आणि सर्व शैक्षणिक पातळ्यांवर एकच आहे: "काहीतरी इंग्रजीत आलं होतं. मी ओके केलं."

डास दिसला की हात जसा आपोआप उठतो, तसा मेसेज दिसला की माउस ‘ओके’वर जातो. आत काय लिहिलंय, कोणी लिहिलंय, कोणासाठी लिहिलंय, याच्याशी देणंघेणं नाही. ज्यांनी आयुष्यभर विजेच्या बिलाच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूरसुद्धा वाचून काढला, ते लोकही इथे एका अक्षराला हात लावत नाहीत.

माझा या विषयातला सगळा अधिकार नानाकाकांमुळे आलेला आहे. नानाकाका मध्य रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांची रोजनिशी मात्र सेवेत राहिली. पानवाल्यापासून पावसापर्यंत सगळ्याची नोंद. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. २००६ च्या सुमारास सुट्टीवर आली तेव्हा तिने काकांचं एक लाइव्हजर्नल खातं उघडून दिलं. "बाबा, वहीत लिहिता ते इथे लिहा, मी तिकडे वाचीन." काकांना कल्पना पसंत पडली. काकूंना नाही. त्यांचं म्हणणं, वहीत होतं तोवर ते घरातच राहत होतं.

लाइव्हजर्नल सुरू केलं ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन मुलाने, १९९९ साली, आपलं काय चाललंय ते मित्रांना कळावं म्हणून. बोधचिन्ह म्हणून एक बोकड, त्याचं नाव फ्रँक. गर्दी वाढून सर्व्हरची दमछाक व्हायला लागली तेव्हा त्याने २००३ साली मेमकॅश्ड नावाची युक्ती लिहिली, जी पुढे फेसबुकनेही उचलली. जानेवारी २००५ मध्ये सिक्स अपार्ट या कंपनीने लाइव्हजर्नल विकत घेतलं, २००७ च्या अखेरीस एसयूपी या रशियन कंपनीने. रशियात ते इतकं रुजलं होतं की लोक त्याला नुसतं ‘झे-झे’ म्हणत. २०१६ च्या डिसेंबरात सर्व्हरही तिकडेच गेले. या सगळ्या इतिहासातला फक्त बोकड नानाकाकांना ठाऊक होता. तो त्यांना आवडायचा.

आता नोंद थेट वेबसाइटवर जाऊन लिहायची, तर इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं आणि मिनिटांवर मोजलं जायचं. काका एक वाक्य लिहून बाल्कनीत जात, दुसरं वाक्य घेऊन परत येत. तोवर मीटर चालू. शिवाय मध्येच लाइन तुटली की लिहिलेलं सगळं गेलं. यावरचा उपाय म्हणजे संगणकातच राहणारं एक छोटं साधन: इंटरनेट बंद ठेवून निवांत लिहा, झालं की जोडणी करून एका बटणाने पाठवा. लाइव्हजर्नलने आपला ‘प्रोटोकॉल’ जगजाहीर केला होता. सर्व्हरशी काय बोलायचं, कसं बोलायचं आणि चुकलात तर कितव्या क्रमांकाची चूक पदरात पडेल, हे सगळं लिहून ठेवलेलं. त्यामुळे प्रोग्रामिंगची हौस असलेला कोणीही उठून असं साधन बनवू शकत असे, आणि पुष्कळांनी बनवलं. विंडोजवाल्यांत सेमॅजिक प्रसिद्ध होतं, लिनक्सवाल्यांत लॉगजॅम. काकांकडे ताईने कुठलंसं तिसरंच बसवून दिलं होतं. त्याचं नाव घेत नाही. ज्याने लिहिलं त्याने नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकट लिहिलं असणार, आणि त्याच्या स्वप्नातही नानाकाका आले नसतील.

पहिला फोन पासवर्डचा. "तो मला ओळखतच नाही." मेसेज? "ओके केलं." पुन्हा करायला सांगितलं, तेव्हा चूक क्रमांक १०१ निघाली: पासवर्ड चुकीचा. काका दुखावले. पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला होता, वहीत लिहून ठेवला होता आणि वही कपाटात कुलपात होती. चुकीचा कसा असेल? त्यांनी तोच पासवर्ड अधिकाधिक जोर लावून टाइप केला. आता सर्व्हरला डोंबिवलीतलं सात्त्विक संतापाचं प्रमाण समजत नाही. सारखा चुकीचा पासवर्ड येतोय म्हणजे कोणीतरी चोर कडी वाजवतोय, असं समजून तो त्या पत्त्यासाठी थोडा वेळ दारच बंद करतो. तसा मेसेजही देतो. काकांनी तो ओके केला आणि मला कळवलं, "आता तर बोलायलाच तयार नाही. काहीतरी मनात धरलंय त्याने."

उलगडा काकूंनी केला, तोही सहज. चहाचा कप ठेवताना पडद्याच्या कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे एमआर काय लिहिलंय?"

"मिस्टर," काका म्हणाले. "मला उद्देशून आहे ते."

एमआर म्हणजे मराठी. डाव्या हाताच्या ऑल्ट आणि शिफ्ट या कळा एकत्र दाबल्या गेल्या की विंडोज कीबोर्डची भाषा बदलते आणि कोपऱ्यातली दोन अक्षरं सोडली तर त्याची कुठेही वाच्यता करत नाही. तेव्हाच्या विंडोजमध्ये तर प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा. म्हणजे शेजारच्या खिडकीत इंग्रजी आणि या खिडकीत मराठी असा संसार चालू शकायचा. आणि पासवर्डच्या रकान्यात दिसतात फक्त काळी टिंबं. टिंबांना लिपी नसते. काका आपला इंग्रजी पासवर्ड मन लावून देवनागरीत टाइप करत होते आणि टिंबांकडे बघून समाधानी होत होते. भाषा बदलली, दार उघडलं. मात्र संगणक आपल्याला मिस्टर म्हणत नव्हता, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

यानंतर खरं मराठीचं प्रकरण सुरू झालं. काकांनी पहिली मोठी नोंद लिहिली: सोसायटीची वार्षिक सभा, तपशीलवार, कोण काय म्हणालं यासकट. बटण दाबलं. न्यू जर्सीत ताईने उघडली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रश्नचिन्हं. मधूनमधून स्वल्पविराम आणि एका ठिकाणी ‘१२ बी’ मधला ‘बी’ इंग्रजी अक्षरात लिहिलेला, तेवढा शाबूत. तिने घाबरून फोन केला. काकूंनी छापील प्रत बघितली आणि म्हणाल्या, "यात काय बिघडलंय? मला यांचं अक्षर नेहमी असंच दिसतं."

याचं कारण फार जुनं आहे. पूर्वीचे प्रोग्राम एका अक्षराला एक बाइट द्यायचे, म्हणजे खाती जेमतेम २५६. त्यात इंग्रजी, विरामचिन्हं आणि फार तर आणखी एक छोटी लिपी बसते. युरोपातल्या भाषांना, रशियनला, थायला विंडोजने अशी आपापली ‘कोड पेज’ नेमून दिली. देवनागरीला असं पान नेमून मिळालंच नाही. तिचा कारभार विंडोज २००० पासून थेट युनिकोडवर सुरू झाला. तेव्हा जुन्या पद्धतीच्या खिडकीत मराठी मजकूर ओतला की प्रोग्राम आपली २५६ खाती तपासतो, त्यात ‘स’ सापडत नाही, आणि तो प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह टाकतो. ‘भा’ला दोन प्रश्नचिन्हं, कारण काना वेगळा मोजला जातो. ‘क्षि’ला चार. एकदा प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर परत येत नाही. काकांना हे मान्य नव्हतं. हिशेब खात्यातला माणूस. त्यांचं म्हणणं, प्रश्नचिन्हांच्या संख्येवरून आणि जागेवरून मजकूर बसवून काढता यायला हवा. दोन दिवस वही घेऊन बसले. अध्यक्षांचं आडनाव जुळलं म्हणाले.

साधनाची नवी आवृत्ती आली होती, तिला युनिकोड समजायचं. ती उतरवली. मग काकांच्या विंडोज एक्सपीने बंड केलं: देवनागरी नीट दिसायला हवी असेल तर ‘रीजनल’ सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांची खूण करा आणि विंडोजची सीडी घाला. सीडी संगणक जुळवून देणाऱ्या मुलाकडे. मुलगा आता नाशिकला. त्याच्या आईकडे निरोप, आईचा उलट निरोप, शेवटी एका पिशवीतून दिवाळीच्या अनारशांसोबत सीडी आली. मंगल फाँट उमटला तेव्हा काकूंनी देवापुढे साखर ठेवली. नाव मंगल असल्यामुळे त्यांचा समज झाला होता की तेवढं करायचं असतं.

या निमित्ताने एका मेसेजचं कौतुक मात्र करायला हवं. जुनी आवृत्ती असतानाच काकांनी मित्राच्या घरी ब्राउझरमधून एक मराठी नोंद टाकली होती आणि ती घरी येऊन दुरुस्त करायला घेतली. सर्व्हरने ती दिलीच नाही. चूक क्रमांक २०७: ही नोंद युनिकोडमध्ये आहे आणि तुमच्या साधनाला युनिकोड कळत नाही. विचार करा, दिली असती तर? काकांनी एक वेलांटी सुधारली असती आणि बाकी सगळ्याची प्रश्नचिन्हं करून परत पाठवली असती. सर्व्हरने मजकूर वाचवला. हजारो मैलांवरून एखादा यंत्राचा खोका इतका पोक्त वागतो आणि आपण त्याला ओके करून गप्प बसवतो.

मधला काही काळ शांततेत गेला. पण ताईचे फोन वाढले. "बाबा ठीक आहेत ना?" का गं? "कालच्या नोंदीखाली मूड लिहिलाय क्रश्ड." नोंद होती दोडक्याच्या भाजीवर. लाइव्हजर्नलवर प्रत्येक नोंदीला मनःस्थिती जोडायची सोय होती. शंभरावर मनःस्थितींची इंग्रजी वर्णानुक्रमे यादी, हवी ती निवडा. काकांनी फार पूर्वी ‘कंटेंट’ म्हणजे समाधानी अशी एकदाच निवडली होती आणि आता ती कायमची झाली असं गृहीत धरलं होतं. पण निवडलेल्या यादीवर लक्ष असताना माउसचं चाक फिरवलं की यादी सरकते. काका खालचा मजकूर बघायला चाक फिरवत. ‘कंटेंट’च्या पुढे वर्णानुक्रमाने ‘क्रँकी’ येतं, मग ‘क्रॅपी’, ‘क्रेझी’, ‘क्रिएटिव्ह’ आणि मग ‘क्रश्ड’. नोंद जितकी लांब, तितकं चाक जास्त, तितके काका खचलेले. ताईने त्या महिन्यात विमानाचे दर बघितले होते म्हणे.

गाण्याचंही तसंच. हे साधन विनअँपमध्ये काय वाजतंय ते बघून नोंदीखाली आपणहून लिहायचं. काकांच्या सीडीवरून उतरवलेल्या गाण्यांना नावं नव्हती. त्यामुळे शेजारच्या जोशीआजोबांवरच्या अत्यंत हृद्य मृत्युलेखाखाली ‘सध्या ऐकत आहे: ट्रॅक ०३’ असं अजूनही आहे. आणि नोंद सर्वांना दिसावी की फक्त मित्रांना, हे ठरवणारा रकाना काकांनी कधी बघितलाच नव्हता. सोसायटीच्या सेक्रेटरींना तो बघावा लागला नाही, त्यांना सरळ नोंदच दिसली. त्यावर अधिक लिहीत नाही.

आता घड्याळाचं प्रकरण. माझ्या मते काकांच्या संपूर्ण तांत्रिक कारकिर्दीचा हा कळस.

संगणकाच्या मदरबोर्डवर एक नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. वीज बंद असताना तारीख-वेळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती संपली की रोज सकाळी संगणक जुन्या कुठल्यातरी १ जानेवारीला जागा होतो. काकांची संपली होती. पण काका तक्रार करणारे नव्हेत. रेल्वेत असताना फलाटावरची घड्याळं मिळवून घेण्याची सवय. ते रोज सकाळी हातातल्या घड्याळाबरहुकूम संगणकाचं घड्याळ लावत. तारीख, महिना, साल, सगळं. एका सकाळी सालाच्या शेजारचा छोटा बाण जरा जास्त दाबला गेला आणि २००६ ऐवजी २०१६ लागलं. त्या दिवशी काकांनी नारळाच्या भावावर नोंद लिहिली आणि पाठवली. ती गेली. दहा वर्षं पुढे.

दुसऱ्या दिवशी साल बरोबर लावलं, नोंद लिहिली, बटण दाबलं. नाकारली. तिसऱ्या दिवशी नाकारली. फोन आला. "अरे, ते चालत नाहीये."

"मेसेज काय आला होता?"

"मोठा होता. निबंधच होता. मी ओके केलं."

तो निबंध मी पुढे वाचला. चूक क्रमांक १५३. त्यात म्हटलं होतं की तुमची एक नोंद अमुक तारखेची आहे आणि तुम्ही त्याच्या आधीच्या तारखेची नोंद टाकू बघताय; दोन्हींच्या तारखा तपासा; आधीची नोंद मुद्दाम भविष्यातली असेल तर तिला ‘तारखेच्या क्रमाबाहेर’ अशी खूण करा, नाहीतर या नोंदीला करा. रोग, निदान, औषध आणि पथ्य, सगळं एका परिच्छेदात. मी इतका सुबोध सरकारी कागद आयुष्यात पाहिलेला नाही. हिशेब खात्याच्या माणसाला तर ही भाषा मातृभाषेसारखी: मागच्या तारखेची नोंद आली, वही पुढे गेलेली, शेरा मारून मगच घ्या. पण वाचायची कोणी?

फोनवरून मी त्यांना शेवटचा पर्याय सांगितला होता, आजच्या नोंदीला खूण करायचा, कारण तो पटकन होतो. तसा तो झालाही. आठवड्याने ताईचा फोन: बाबांनी लिहिणं बंद केलं का? कारण ‘क्रमाबाहेर’ची खूण असलेल्या नोंदी मित्रांच्या पानावर जात नाहीत. तिच्या पानावर काही येईना, आणि काकांच्या जर्नलवर सगळ्यांत वर नारळाचा भाव. काकांना यात वावगं काही वाटलं नाही. "भाव दहा वर्षांनी तेवढाच राहणार नाही, एवढं सोडलं तर नोंद बरोबर आहे." शेवटी डोंबिवलीला जाऊन ती नारळाची नोंद उघडली, साल दुरुस्त केलं आणि तुंबलेलं सगळं सुरळीत झालं.

बॅटरी आणायला आम्ही स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने काचेखालून काढून दिली, सीआर-२०३२. काकांनी चष्मा लावून आकडा वाचला, मग दुकानदाराकडे संशयाने बघत विचारलं, "म्हणजे २०३२ सालापर्यंत चालेल?" दुकानदार म्हणाला, "आरामात." प्रत्यक्षात २० म्हणजे व्यास वीस मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. पण विकणारा आणि घेणारा दोघेही समाधानी असताना मध्ये पडायचं कारण नव्हतं. आश्चर्य एवढंच की बॅटरीवरचं अक्षर न् अक्षर वाचणारा हाच तो माणूस.

यानंतरची किरकोळ प्रकरणं सोडून देतो. एक मात्र सांगण्यासारखं आहे. काशीयात्रेची नोंद ‘फार मोठी’ म्हणून परत आली. मर्यादा होती ६५,५३५ बाइटची. इंग्रजीत लिहिणाऱ्याला तेवढीच अक्षरं मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीसकट, म्हणजे आपल्या वाट्याला २१,८४५ चिन्हं. काकांनी हा हिशेब स्वतः करून पडताळला, मराठी माणसावरचा अन्याय म्हणून त्याची स्वतंत्र नोंद केली आणि काशीयात्रेचे तीन भाग केले. या वेळी मला फोन आला नव्हता. म्हणजे तो मेसेज त्यांनी वाचला होता. विचारलं तर म्हणाले, "त्यात आकडा होता ना."

काकांनी ते साधन पुढे सोडून दिलं. काळ बदलला, ब्राउझर सुधारले, ताईने व्हॉट्सॲप शिकवलं. पण फोन येतातच, फक्त आता ते सगळ्यांचे येतात: बँकेचं ॲप, विजेचं बिल, दहावीचा निकाल. म्हणून एक विनंती आहे. आपल्या घरातल्या ‘थोडंफार कळतं’वाल्याला फोन करण्याआधी मेसेज वाचायचा नसेल तर नका वाचू, पण ओके करू नका. मोबाइल असेल तर पडद्याचा फोटो काढा. विंडोजवर असाल तर एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे: त्या नेहमीच्या साध्या मेसेजच्या चौकटीवर असताना कंट्रोल आणि सी दाबलं की आतला सगळा मजकूर कॉपी होतो. तो जसाच्या तसा पाठवा, मग ओके करा.